तासिकेवरच्या प्राध्यापकांना ‘परवडत नसेल तर सोडा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तासिकावाला

काल ‘धंतोलीकर’ यांनी लिहिलं की तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या पैशावर, शिकवायला कोणी कोणाला बळजबरीने आणलेलं नाही, परवडत नसेल तर सोडावं. आणि ‘सेवेत कायम करा’ ही मागणी म्हणजे मागच्या दाराने आत शिरणं आहे. बऱ्याच जणांना ते पटलेलं दिसलं. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास आहे, पीएचडी आहे. मला आठवड्याला नऊ तास मिळतात, तासाला नऊशे रुपये. वर्षात शिकवण्याचे तीस आठवडे धरा आणि एकही तास बुडाला नाही असं माना, तरी होतात २,४३,००० रुपये. बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला २०,२५०. तेही कागदावर. तान्हा पोळ्याची सुट्टी, तास नाही. दिवाळी, तास नाही. परीक्षा लागल्या, तास नाही. विद्यार्थी मोर्चाला गेले, तास नाही, आणि तास नाही म्हणजे पैसे नाहीत.

आता देयक कसं निघतं तेही ऐका. आडव्या कागदावर रकाने: तारीख, वर्ग, विषय, घटक, वेळ, सही. प्रत्येक तासाची एक ओळ. खाली विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग कागद वर जातो. एका ओळीत तारीख रविवारची पडली म्हणून माझं अख्खं देयक ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत आलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये शिकवलेल्याचे पैसे मार्चच्या तोंडावर मिळतात. घरमालक मार्चपर्यंत थांबत नाही.

माझ्याच वर्गाच्या भिंतीपलीकडे तोच अभ्यासक्रम शिकवणारे सहायक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगात ५७,७०० मूळ वेतनावर सुरू होतात, वर महागाई भत्ता. नियमाने त्यांचा प्रत्यक्ष शिकवण्याचा भार सोळा तास. माझे नऊ म्हणजे अर्ध्याहून जास्त. तर अर्ध्या मूळ पगाराचे २८,८५० तरी दर महिन्याला, सुट्ट्यांसकट, का मिळू नयेत? याचं उत्तर ‘सोडा’ हे नाही.

धंतोलीकर

सर, तुमच्या हालाबद्दल शंका नाही. पण तुम्ही वेतनाचं बोलता आणि मोर्चात घोषणा देता ‘कायम करा’. हे दोन वेगळे विषय आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात सांगून ठेवलंय की जाहिरात, स्पर्धा, निवड असं काही न होता लागलेल्याला नुसती वर्षं मोजून कायम करता येत नाही. तासिकेची निवड कशी होते ते आपण सगळे जाणतो. स्थानिक समिती बसते, दोन अर्ज येतात, त्यातला एक संस्थाचालकाच्या पाहुण्याचा असतो. त्या दाराने आलेल्याला तीस वर्षांची नोकरी द्यायची?

तासिकावाला

उमादेवी सगळेच सांगतात. नागपूर खंडपीठाचा २०१३ चा निकाल कोणी सांगत नाही. शासकीय तंत्रनिकेतनांत कंत्राटावर राबणाऱ्या अधिव्याख्यात्यांना याच शहरातल्या न्यायालयाने कायम करायला लावलं, कारण त्यांची जाहिरात निघाली होती, निवड समितीने मुलाखती घेतल्या होत्या, पात्रता पूर्ण होती. माझीही जाहिरात निघाली होती. मी कोणाचा पाहुणा नाही.

आणि वेतनाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ चा गुजरातचा निकाल वाचा. सरकारी अभियांत्रिकी कॉलेजांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक महिन्याला ३०,००० वर काम करत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं, थकबाकीसकट. समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणायचं आणि गुरूला असं वागवायचं, याबद्दल न्यायाधीशांनी चांगलंच सुनावलंय.

नंदनवनची सेटधारक

मी मध्ये बोलते, कारण या भांडणात माझ्यासारखीचा कोणी विचारच करत नाही.

मी पण सेट आहे. तासिकेवर एकच वर्ष होते. वडील गेल्यावर घरात कमावणारं कोणी नव्हतं. मार्चमध्ये मिळणाऱ्या पैशावर आई आणि भाऊ जगू शकत नव्हते. म्हणून सोडलं. आता सकाळी शिकवणी वर्ग घेते, दुपारी अभ्यासिकेत बसते आणि एमपीएससीमार्फत शासकीय कॉलेजच्या जागांची वाट बघते. अनुदानित कॉलेजांच्या भरतीचीही तीच गत. तिथल्या ३५८० जागा २०१८ मध्ये भरू म्हणाले. त्यातल्या उरलेल्या २०८८ ना २०२१ मध्ये पुन्हा मंजुरी दिली. मग आरक्षणाचा रोस्टर, मग आचारसंहिता. मंजुरीची बातमी आम्ही पेढे वाटावेत इतक्या वेळा वाचली.

आता ज्यांना घरून आधार होता ते तासिकेवर टिकले. ज्यांना नव्हता ते सोडून गेले. टिकलेल्यांना कायम केलं तर माझी जागा गेली. वर मी अनुसूचित जातीची. तासिकेच्या नेमणुकांत बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी, किती पाळली जाते ते मला सांगू नका, मी बघितलंय. जाहिरात निघेल तेव्हा माझ्या बिंदूची जागा असेल. तुम्हाला आहात तिथेच कायम केलं तर तो बिंदू कुठे जाणार?

तासिकावाला

ताई, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बिंदुनामावली डावलून कोणी कायम होऊ नये, हे मी लेखी द्यायला तयार आहे. पण जागा माझ्यामुळे अडलेली नाही. ती रिकामी ठेवण्यात शासनाचे पैसे वाचतात म्हणून अडली आहे. जिथे दोन तासिकावाले अर्ध्याहून कमी पैशात मिळतात तिथे पूर्ण पद भरायची घाई कोणाला असेल? माझं वेतन वाढलं तर ही बचत संपेल, आणि मग जाहिरात निघेल. तुमचा फायदा माझ्या पगारवाढीत आहे.

अंबाझरीचा जुना

तुम्ही दोघं कागदावरचं भांडून राहिले. खरी गोष्ट कोणी बोलत नाही. अनुदानित संस्थेत पूर्णवेळ जागा निघाली की जाहिरातीच्या आधी आकडा ठरतो. मी मुलाखतीला गेलो होतो. विषयतज्ज्ञांनी तीन प्रश्न विचारले, शाबासकी दिली. बाहेर आलो तर संस्थेचा एक माणूस चहाला घेऊन गेला. टपरीवर त्याने बशी बाजूला सारली आणि टेबलावर बोटाने आकडा लिहिला. तोंडाने एक शब्द बोलला नाही. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. बाबा म्हणाले, विकू. मी नाही म्हटलं. तिथे जो लागला तो आज माझ्याहून ज्युनियर असून पंधरा वर्षं पगार घेऊन राहिला. पगार शंभर टक्के शासनाचा, निवड मात्र संस्थेची. हे आधी बंद करा, मग तासिकेचं बोला.

कायम सेवेतला

हे असं सरसकट लिहिणं थांबवा. मी एक रुपया न देता लागलो आहे. आमच्या पिढीतले अनेक जण तसेच लागले. तुमच्या बोलण्याने माझे विद्यार्थी मला विचारतात, सर तुम्ही किती दिले? वर्गात उभं राहून ते ऐकून घ्यायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. पुरावा असेल तर तक्रार करा.

अंबाझरीचा जुना

पुरावा? टेबलावर बोटाने लिहिलेल्या आकड्याचा पुरावा काय देऊ? तक्रार केली असती तर दुसऱ्या कोणत्याच संस्थेने मला उभं केलं नसतं. तुम्ही न देता लागले, मानतो. पण तुम्हाला राग माझ्या बोलण्याचा आला, आकडा मागणाऱ्याचा नाही आला. यालाच माझा आक्षेप आहे.

कायम सेवेतला

राग मलाही येतो. मी संघटनेत हे दोनदा मांडलं आहे. दोन्ही वेळा विषय पुढच्या बैठकीवर गेला. एवढं मान्य करतो.

नंदनवनची सेटधारक

या विषयावर तरी दोघांनी भांडू नये. उत्तर प्रदेशात अनुदानित कॉलेजांची भरती आयोग करतो, बंगालमध्येही त्यासाठी आयोग आहे. आपल्याकडे शासन पगार देतं आणि निवड संस्थेवर सोडतं. अनुदानित जागासुद्धा आयोगाकडे द्या. आकडा मागणाराही उरणार नाही आणि बिंदुनामावलीशी खेळणाराही.

धंतोलीकर

आयोगाकडे देऊन काय होणार? शासकीय कॉलेजांच्या जागा आयोगाकडेच आहेत ना? त्या किती वर्षांत भरल्या? तुम्हीच वर लिहिलंय की वाट बघताय.

नंदनवनची सेटधारक

आयोग मागणीपत्र आल्याशिवाय जाहिरात काढू शकत नाही. मागणीपत्र शासन पाठवतं. उशीर तिथे होतो. काका, दोष कुणाच्या माथी मारायचा ते तरी नीट बघा.

निवृत्त सर, रवीनगर

मी १९९४ ला लागलो. तेव्हा नेट-सेट झालेला उमेदवार मिळत नसे, विद्यापीठाच्या मान्यतेने आम्हाला घेतलं. पुढे २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० मधले म्हणून आम्हा सगळ्यांवर ‘बिगर नेट-सेट’ असा शिक्का बसला. पदोन्नती नाही, वेतननिश्चिती अडलेली. त्यासाठी वर्षानुवर्षं न्यायालयात गेलो. २०१३ मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तीन महिन्यांच्या आसपास चालला तो संप. आम्हाला कोणी फुकट दिलं नाही. आजची मुलं एका मोर्चात सगळं मागतात.

नंदनवनची सेटधारक

सर, तुमचा मान ठेवून सांगते. त्या बहिष्काराच्या वर्षी मी परीक्षा देणारी विद्यार्थिनी होते. निकाल लांबला, पुढचा प्रवेश लांबला. तुमच्यासाठी आम्ही ते सोसलं. तुम्हाला पात्रता नसताना कायम पगार, निवृत्तिवेतन मिळालं. हे सर पात्रता पूर्ण करून तासाचे नऊशे घेतात. आणि तुम्ही त्यांना सबुरी शिकवता?

निवृत्त सर, रवीनगर

पात्रता नव्हती असं म्हणू नका. एम.ए. ला पहिला वर्ग होता. तीस वर्षं शिकवलं, माझे विद्यार्थी आज प्राचार्य आहेत. तुम्हाला बोलायची रीत शिकवली नाही कोणी.

तासिकावाला

सर, ताईंचा सूर तिखट आहे, मुद्दा खोटा नाही. तुमच्या अन्यायाचं निवारण झालं ते चांगलंच झालं. त्यावरून आमचा अन्याय लहान ठरत नाही.

मानेवाड्यातली आई

मी शिक्षणक्षेत्रातली नाही. माझी मुलगी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्राला एकाच वर्षात तिला तीन वेगवेगळे शिक्षक झाले. पहिल्या मॅडम दिवाळीनंतर आल्याच नाहीत, त्यांना खासगी शाळेत जास्त पैसे मिळाले. मधले सहा आठवडे प्रयोगशाळेला कुलूप. तिसरे सर फार चांगले शिकवतात, पण मुलगी म्हणते ते पुढच्या वर्षी असतील की नाही त्यांनाच माहीत नाही. तिने प्रकल्पासाठी मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव द्यायचं की नाही, मला सांगा. तुम्ही सगळे पगाराचं बोलताय. मुलांचं कोण बोलणार?

धंतोलीकर

ताई, हा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. ‘परवडत नसेल तर सोडा’ असं मी लिहिलं, आणि सोडल्यावर भोगतं कोण तर तुमची मुलगी. ते वाक्य मी मागे घेतो. वेतनाच्या मागणीला माझा पाठिंबा समजा. पण कायम करण्याला विरोध आहे आणि राहील. २०१३ चा निकाल तंत्रनिकेतनांच्या कंत्राटी पदांचा होता. तासिका म्हणजे पद नाही, ते पदाचे तुकडे आहेत. त्यावर कोणी कायम कसा होईल?

तासिकावाला

तुकडे आम्ही केले नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत आणि वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं असं स्पष्ट आहे. ते पाळावं लागू नये म्हणूनच पदाचे तास केले. विधिमंडळाच्या गेल्या अधिवेशनात मोर्चासाठी मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलिसांच्या कठड्यांपाशी उन्हात बसलो होतो, तेव्हा शेजारी भंडाऱ्याचे एक सर होते. तासिकेवर शिकवता शिकवता त्यांची शासकीय कॉलेजच्या जागांची वयोमर्यादा उलटून गेली. आता त्या जागांची जाहिरात निघाली तरी ते अर्ज करू शकत नाहीत. त्यांना काय सांगू?

म्हणून निवेदनाचा मसुदा असा करतो: तासाऐवजी मासिक वेतन, श्रेणीच्या किमान दराने आणि बारा महिने. सगळी रिक्त पदं बिंदुनामावलीने जाहिरातीतून भरा. तासिकेवर काम केलेल्यांना जितकी वर्षं शिकवलं तितकी वयात सवलत, आणि निवडीत अनुभवाचे गुण. ‘कायम करा’ हे कलम काढतो. मित्र शिव्या देतील, देऊ द्या.

नंदनवनची सेटधारक

मासिक वेतन, हो. जाहिरात, हो. वयाची सवलत, हो, त्या भंडाऱ्याच्या सरांसाठी तरी हवीच. अनुभवाचे गुण, नाही. मी अनुभव सोडला तो मजेसाठी नाही, घर चालवायला सोडला. ज्याला तासिकेवर टिकणं परवडलं त्याला वर गुण द्यायचे, हे मला मान्य नाही. ते कलम काढा, सही करते.

तासिकावाला

ते एक कलम मी काढू शकत नाही ताई. अकरा वर्षं वर्गात उभा आहे. त्याची किंमत शून्य, असं मी माझ्याच हाताने लिहून देऊ?

नंदनवनची सेटधारक

मग गुणांना कमाल मर्यादा घाला, आणि ज्यांनी तासिका सोडून खासगीत शिकवलं त्यांचीही वर्षं धरा. तेवढं लिहाल तर पुन्हा वाचते.