मदत हवी आहे : बारा जणांची केनिया सफारी, माणशी दोन लाखांत बसेल का?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरचा आमचा बारा जणांचा गट आहे. समुद्री कासवांच्या घरट्यांची राखण करता करता जमलेली ही माणसं. दोन शिक्षक, तीन आंबा बागायतदार, स्वतःची होडी असलेलं एक जोडपं, पोस्टातून निवृत्त झालेले माझे सासरे (वय ६८), आणि बाकी माझ्यासारखे पर्यटकांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे. ताडोबाला एकत्र गेलो होतो, तेव्हा परतीच्या गाडीतच आफ्रिकेसाठी भिशी सुरू करायचं ठरलं. ती आता भरत आली आहे. घरातून निघून घरी परत येईपर्यंत माणशी दोन लाख, त्यावर एक रुपया नाही. कुणी दागिना मोडून किंवा कर्ज काढून येऊ नये, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. म्हणून पैशाचा प्रश्न मी जरा तपशिलात विचारते आहे.

टांझानिया, केनिया आणि दक्षिण आफ्रिका असे तीन पर्याय पाहिले. दक्षिण आफ्रिकेत क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवत फिरता येतं, उद्यानातल्याच सरकारी कॅम्पात राहता येतं आणि तिथे स्वयंपाकाची सोयही असते. खर्चाच्या दृष्टीने ते सर्वांत आटोक्यात वाटलं. पण अनोळखी देशात आठवडाभर गाडी चालवायची जबाबदारी घ्यायला आमच्यातलं कुणी तयार नाही. टांझानियात सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो दोन्ही करायचं म्हटलं की प्रवेशशुल्क फार होतं. न्गोरोंगोरोच्या विवरात उतरायला तर प्रत्येक गाडीचे वेगळे अडीचशे डॉलर आणि वर कर. मुंबई-नैरोबी थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं, म्हणून केनियावर एकमत झालं.

आता अडचणी सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची. मसाई मारा या केनियातल्या अभयारण्यात सगळे जुलै ते ऑक्टोबरमध्ये जा म्हणतात, कारण तेव्हा विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप नदी ओलांडतात. पण जुलैत आमच्याकडे लावणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती, त्या दिवसांत कोकणातला माणूस घर सोडून कुठे जाणार? ऑक्टोबरात भातकापणी. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे कोरडी हवा असते आणि प्राणीही चांगले दिसतात असं वाचलं, पण तो मोहोर सांभाळायचा काळ. एक फवारणी चुकली तर बागायतदाराचं वर्ष जातं, शिवाय कासवांची पिल्लं बाहेर पडायचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस आणि इकडे आंबा. मग जायचं कधी?

दुसरी अडचण कोटेशनची. मुंबईच्या एका कंपनीने ऑगस्टसाठी पावणेतीन लाखांच्या पुढचा आकडा दिला. नैरोबीच्या एकाने थेट मेलवर दिलेला आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. इतका फरक कशामुळे पडतो? स्वस्त कोटेशनमध्ये कुठल्या गोष्टी नीट तपासायच्या?

तिसरी, पीतज्वराची लस. ती साठीनंतर देताना डॉक्टर विचार करतात असं ऐकलं. सासऱ्यांचं कसं करायचं?

जेवणाचंही विचारून ठेवते. चौघं शाकाहारी आहेत, आणि बाकीच्यांतले काही सोमवार-गुरुवार पाळणारे.

आणखी एक सांगते. सासऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची परदेशातली पत्रं घरोघर पोचवली, ते स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. हत्तींचा मोठा कळप मोकळ्या माळावर चालताना पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा आहे. नदी ओलांडणारे कळप दिसले नाहीत तरी चालेल, पण घाईघाईत गाडी पळवणारी सफारी नको.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद : खाडीपलीकडचा

ताई, मी बाणकोट खाडीच्या पलीकडचा. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी माणसं पूर्वीपासून पूर्व आफ्रिकेत आहेत. मीही नैरोबीत नोकरी केली, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन मारात जाणं होत असे.

तुमच्या वेळेच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. जूनचा पहिला पंधरवडा घ्या. आंबा आवरलेला असतो, लावणीला अवकाश असतो, शाळा सुरू व्हायच्या असतात, आणि १ जूनपासून मासेमारी बंदी असल्यामुळे होडीवालेही मोकळे. फक्त भाताची पेर कुणाकडे तरी सोपवून जावी लागेल.

पैशाच्या बाजूनेही जूनच बरा. मसाई माराचं परदेशी पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्क १ जानेवारी ते ३० जून माणशी दिवसाला १०० डॉलर आहे आणि १ जुलैपासून डिसेंबरअखेर २०० डॉलर. दोन पूर्ण दिवस धरले तरी बारा जणांचा फरक २,४०० डॉलर होतो, म्हणजे दोन लाखांहून जास्त रुपये. एवढ्यात तुमच्यातल्या एकाची सफारी होईल. जूनच्या सुरुवातीला नदी ओलांडणारे कळप दिसणार नाहीत, ते तेव्हा बहुधा सेरेंगेटीतच असतात. पण सिंह, हत्ती, जिराफ, तरस, म्हशी माराचेच रहिवासी आहेत, ते बारा महिने दिसतात. पाऊस नुकताच सरलेला असल्यामुळे गवत उंच असतं, त्यामुळे बिबट्या-चित्ता शोधायला वेळ लागतो, हेही मनात धरून जा.

आता तिकिटाची एक बाब, जी कोटेशनमध्ये कुणी उलगडून सांगत नाही. अभयारण्याबाहेर मुक्काम करणाऱ्यांसाठी तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. आत राहणाऱ्यांना निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडावं लागतं. नैरोबीहून नारोकमार्गे माराच्या सेकेनानी गेटपर्यंत पोचायला पाच-सहा तास जातात. मग दुपारी चारला आत शिरून दोन तासांची फेरी मारली, की त्या दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे १०० डॉलर गेले. त्यापेक्षा गेटबाहेरच्या तंबूंच्या कॅम्पात मुक्काम करा, पहिल्या संध्याकाळी आराम करा आणि पुढचे दोन दिवस डबा बरोबर घेऊन उजाडल्यापासून मावळेपर्यंत आत राहा. 'मारात ३ दिवस' असं लिहिलेलं असलं तरी त्यात आत फिरायचे तास किती आहेत, तेच मोजा.

प्रवेशशुल्क सगळ्यांना सारखंच असतं, त्यात कुठलीही कंपनी सूट देऊ शकत नाही. त्यामुळे कोटेशन फारच कमी असेल तर ते पैसे गाडीतून, मुक्कामातून किंवा ड्रायव्हरच्या पगारातून काढलेले असतात. लेखी विचारा : गाडी लँडक्रूझर की छत उघडणारी व्हॅन? एका गाडीत किती माणसं? प्रत्येकाला खिडकी मिळणार का? फिरण्यावर किलोमीटरची मर्यादा आहे का? बारा जण म्हणजे सहा-सहाच्या दोन लँडक्रूझर, यापेक्षा सोयीचा आकडा नाही. एका गाडीचं ड्रायव्हर आणि इंधनासकट दिवसाचं भाडं साधारण २०० ते ३०० डॉलर पडतं, सहा जणांत वाटलं की फार नाही. व्हॅन स्वस्त पडते, पण पावसानंतरच्या चिखलात अडकते.

अंबोसेली हत्तींसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथून किलिमांजारो दिसतो, पण मारापासून तो सबंध दिवसाचा प्रवास आहे. या बजेटात दोन्ही करू नका. तुमच्या सासऱ्यांना हत्तींचे कळप मारातही दिसतील. मारापूर्वी एक मुक्काम नैवाशाला करा. नैरोबीपासून दोन तासांवर आहे, तळ्यात होडीतून पाणघोडे जवळून दिसतात. शेजारच्या हेल्स गेट उद्यानात पायी किंवा सायकलवर फिरता येतं. झेब्रे बाजूला चरत असताना सायकल चालवायला तुमच्या शिक्षकांना नक्की आवडेल.

जेवणाची चिंता नको. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे, शाकाहारी जेवण कुठेही मिळतं. कॅम्पला आधी कळवलं की वरण-भात, चपाती, भाजी करून देतात.

प्रतिसाद : माडाची सावली

वरच्या प्रतिसादात हिशेब अगदी चोख आहे, पण मी थोडं वेगळं सांगेन. आम्ही वयस्कर आई-वडिलांना घेऊन मुंबईच्या कंपनीबरोबर गेलो होतो. जास्त पैसे गेले, पण बरोबर आपलं बोलणारा माणूस होता. वडिलांचा रक्तदाब चढला तेव्हा रात्री डॉक्टर त्यानेच मिळवून दिला. तुमच्या गटात इंग्रजीत नीट बोलणारं, पैशांचे व्यवहार सांभाळणारं आणि कुरबुरी ऐकून घेणारं कोण आहे, ते आधी ठरवा. असं कुणी असेल तरच थेट नैरोबीशी व्यवहार करा.

थेट केलंत तर ती कंपनी केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सदस्य आहे का, ते संघटनेच्याच यादीत पाहा, कंपनीच्या जाहिरातीतला शिक्का पुरेसा नाही. आगाऊ रक्कम कंपनीच्या नावाच्या बँक खात्यातच पाठवा, कुणा माणसाच्या खात्यात नको. वैद्यकीय विमा घेताना दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे विचारा. मारापासून मोठं रुग्णालय दूर आहे.

भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आगाऊ वसूल करायचा आयकर, घेतात. तो आयकर विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तुमचे बागायतदार विवरणपत्र भरत नसतील तर त्यांचे पैसे अडकून राहतील. हे आधीच बोलून घ्या.

प्रतिसाद : लंगर

मी जहाजावर असतो, त्यामुळे पीतज्वराची लस घेतल्याची नोंद असलेल्या पिवळ्या पुस्तिकेचं मला माहीत आहे. केनियाहून भारतात परतताना ती दाखवावी लागते. लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर इथे विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच घ्यायची, गावच्या दवाखान्यातली चालत नाही. मुंबईत केंद्रं आहेत, पण तारीख आधी घ्यावी लागते. बारा जण एकदमच जा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा.

साठीच्या पुढच्यांना ही लस पहिल्यांदाच घेताना त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते, कारण ती जिवंत विषाणूची लस आहे. म्हणून काकांना आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. चालू औषधं आणि अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. लस देता येत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर परतताना ते कागद कसे धरले जातात, हे मुंबई विमानतळाच्या आरोग्य कार्यालयालाच विचारा, तिकिटं काढायच्या आधी. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

आणि पिशव्या! केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे. लाडू-चिवडा स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. जून आहे म्हणून कुणी हापूसची पेटी उचलेल, तसं करू नका, ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत.

प्रतिसाद : धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आमच्या खळ्यात सगळ्यांना बसवून तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले.

जूनचा पहिला पंधरवडा पक्का झाला. बागायतदार म्हणाले, शेवटची पेटी गेली की आम्ही तुमचे. खाडीपलीकडचे भाई, तुमच्या तिकिटाच्या मुद्द्यावर नैरोबीच्या दोन कंपन्यांना पुन्हा लिहिलं. एकाने लगेच मान्य केलं की त्याच्या 'तीन दिवसां'त आत फिरायचा पूर्ण दिवस एकच आहे. दुसऱ्याने दोन पूर्ण दिवस, दोन लँडक्रूझर आणि नैवाशाचा मुक्काम धरून नवा आकडा दिला. विमान, विमा आणि ड्रायव्हरची बक्षिसी धरून आमचा हिशेब पावणेदोन लाखांच्या आत येतो आहे. उरलेले पैसे आजारपणासाठी तसेच राखून ठेवणार.

सावलीताई, तुमचा मुद्दा पटला. पैशांचं आणि बोलण्याचं काम शिक्षक दादा करणार, औषधांची पिशवी आणि माणसांच्या तब्येती माझ्याकडे. लंगरदादा, बाबांना डॉक्टरांकडे याच आठवड्यात दाखवते. त्यांना लस चालणार नाही असं निघालं, तर आधी आरोग्य कार्यालयाचं लेखी उत्तर घेऊ, तोवर कुणाचंच तिकीट काढायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं आहे. हे ऐकून बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

आता दोनच गोष्टी राहिल्या. केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी बारा जणांनी वेगवेगळी काढायची की एकाच अर्जात होते? ३० डॉलरच्या जागी दुप्पट पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली, म्हणून विचारते. आणि जूनमध्ये मारात पहाटे थंडी किती असते? आमच्यातल्या कितीजणांकडे स्वेटरच नाही.

प्रतिसाद : खाडीपलीकडचा

ताई, परवानगी प्रत्येकाची वेगळी, लहान मुलाचीसुद्धा. अर्ज गटाने भरता येतो, पण पासपोर्ट, फोटो, विमान आणि मुक्कामाचं बुकिंग ज्याचं त्याचं जोडावं लागतं. पत्ता केनिया सरकारचाच आहे ना, शेवटी 'गो डॉट केई' आहे ना, ते पाहून मगच कार्ड वापरा. मुक्काम ठरल्यावर आणि निघायच्या निदान दोन आठवडे आधी भरा.

थंडी म्हणाल तर मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. पहाटे छत उघडून गाडी धावायला लागली की आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला चांगलीच हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट प्रत्येकाला हवंच. लष्करी छापाचे कपडे मात्र कुणी घेऊ नका, तिथे ते चालत नाहीत. काकांना गाडीत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवा. तिथे धक्के कमी लागतात आणि समोरचा सगळा माळ मोकळा दिसतो.