तांब्यावर देवनागरी नाव कोरताना ग्रेव्हर रुततो, सटकतो, टोक मोडतं : मदत हवी आहे

भांड्यांच्या दुकानात मशीनने ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून देतात, तसं नको आहे. ग्रेव्हरने (धातू कोरायच्या टोकदार हत्याराने) हाताने कापलेली सलग रेघ हवी. सध्याचा सरंजाम : १ मिमी तांब्याचा पत्रा, ग्रेव्हर म्हणून ३ मिमी चौकोनी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल बिट, तोंड (टोकाची पुढची तिरकी बाजू) ४५ अंशांत घासलेलं. पत्रा लाकडी ठोकळ्यावर दुहेरी टेपने चिकटवलाय.

सरळ रेघेत ग्रेव्हर मध्येच खोल रुततो, जोर लावला की एकदम पुढे सटकतो. मूठ आडवी ठेवली तर 'ळ', 'ठ'च्या गोलाईत बाहेरच्या काठाला चकचकीत ओरखडा उठतो. चार-पाच अक्षरांनी टोक मोडतं. नेमकं काय चुकतंय?

कोरणी
तुम्ही लिहिलेल्या तयारीत टाच, म्हणजे टोकाच्या पोटाकडे घासलेला छोटा उतार, कुठेच दिसत नाही. पहिल्या दोन्ही तक्रारी तिथूनच येताहेत. मूठ उचलली की टोकाला खाली टेकू उरत नाही, म्हणून ते रुततं. मूठ पाडली की हत्याराचं अख्खं पोट खाचेतून घासत जातं आणि वळणावर बाहेरचा काठ खरवडतं.

तोंड तसंच राहू द्या. पोटाकडचे दोन पैलू १५ ते २० अंशांत घासा, आधी ६०० आणि मग १२०० ग्रिटच्या डायमंड प्लेटवर. पैलूंना मार्करची शाई लावली की किती घासलं ते कळतं. दोन-तीन हलके हात पुरतात. टाचेची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच हवी, नाहीतर ओरखडा परत येईल. दोन्ही पैलू सारखे आहेत का ते १० पट भिंगातून बघा. एक मोठा झाला की रेघ एका कुशीवर कलते. धार तपासायला टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर पुन्हा घासा.

टोक बहुधा रेघ संपवताना मोडत असणार. कीस तुटत नाही म्हणून हत्यार तरफेसारखं वर उचकटलं जातं, आणि एचएसएस कडक असलं तरी ठिसूळ असतं. त्याऐवजी मूठ हळूहळू खाली न्या, टोक आपोआप वर येत खाच उथळ होत जाते. तांबं चिकट आहे. झाकणात मशीन ऑइलने भिजवलेला कापूस ठेवून दर दोन-तीन रेघांनी टोक त्यात टेकवा.

राळ_आणि_लाख
टेप आधी काढा, बाजूच्या दाबाने पत्रा सरकतोच. ठोकळ्यावर चपड्या लाखेचा ४-५ मिमी थर वितळवून पत्रा गरम असतानाच दाबून बसवा. नंतर स्पिरिटने लाख सुटते.

ठोकळा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवा. वळणावर मनगट फिरवायचं नाही, डाव्या हाताने ठोकळा ग्रेव्हरच्या तोंडावर फिरवत आणायचा. तो हात मात्र कायम टोकाच्या मागे किंवा बाजूला, समोर कधीच नाही. चष्मा लावा, कीस उडतो.

दंड_आणि_वेलांटी
पांढरा पोस्टर कलर बोटाने पातळ थापा, वाळल्यावर पेन्सिलने अक्षरं काढा आणि सुईने खरवडून पक्की करा. शिरोरेखा आणि तळरेषा डिव्हायडरने आखा. उभे दंड शिरोरेखेच्या खुणेवरून सुरू करून खाली आणा आणि शिरोरेखा सगळ्यात शेवटी कापा. दंडांची बारीक सुरुवात तिच्यात गडप होते.

कोरणी
शिरोरेखा शेवटी हे मला तितकंसं पटत नाही. प्रत्येक दंडाच्या खाचेपाशी टोक हिसका खातं. आधी ती अर्ध्या खोलीची कापा, मग दंड, मग तीच पुन्हा खोल करा. नवख्या हाताला हे सोपं जातं.

धागाकर्ता
टाच घासून पाहतो. हेच पुढे तांब्याच्या लोट्यावर करायचं आहे, चालेल का?

राळ_आणि_लाख
पत्रा पातळ असेल तर आतून आधार हवाच, नाहीतर दाबाने पोचे पडतात. राळ, विटेची बारीक पूड आणि थोडं तेल एकत्र वितळवून लोट्यात भरा, पूर्ण गार झाल्यावरच कोरा. काढताना तोंडाकडून गरम करत या. बुडाकडून तापवलं तर आत फुगलेल्या राळेला वाट मिळत नाही आणि ती उसळून अंगावर येते.