जर्मन 'फाल' म्हणजे आपली कुठली विभक्ती?

भाचीच्या जर्मनच्या वहीत 'ड्रिटर फाल' या शब्दांपुढे तिने 'तृतीया' लिहून ठेवलं होतं. ड्रिटर म्हणजे तिसरा, फाल म्हणजे विभक्ती, हिशेब सरळ. पण खालचं उदाहरण होतं 'मी मुलाला चेंडू देतो'. "मामा, तृतीयेत 'ला' कुठून आला?" इथे गाडी अडली.

जर्मन शाळेतला क्रम असा: नॉमिनाटिव्ह, गेनिटिव्ह, डाटिव्ह, अकुझाटिव्ह. म्हणजे त्यांचा दुसरा तो आपली षष्ठी, तिसरा ती चतुर्थी आणि चौथा ती द्वितीया. आकडा बघून मराठी नाव द्यायला गेलात की फसलात. शाळेतल्या मुलांसाठी तिकडे प्रश्नांवरून पाडलेली नावंही आहेत: वेअर-फाल, वेस-फाल, वेम-फाल, वेन-फाल. कोण, कोणाचा, कोणाला आणि पुन्हा कोणालाच! वेम आणि वेन यांतला फरक आपल्या एका 'कोणाला'त बुडून जातो. इंग्रजीतही दोन्हीकडे 'हूम'च.

'फाल'चा मूळ अर्थ पडणं. ग्रीक 'प्टोसिस', त्याचं लॅटिन 'कासुस', त्याचं शब्दशः जर्मन 'फाल'. नाम आपल्या सरळ रूपावरून घसरतं, अशी कल्पना. इंग्रजी 'केस' त्याच कासुसमधून आला. म्हणून कोर्टातली केस, डॉक्टरांकडची केस आणि व्याकरणातली केस, तिन्ही जर्मनमध्ये फालच. अनेकवचन मात्र 'फेले'. 'फाले' म्हणालात तर तो सापळा.

या सगळ्या रूपावलीला 'देक्लिनात्सिओन' म्हणतात, इंग्रजीत डिक्लेन्शन. आकाशातल्या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, सांगतानाही जर्मन माणूस हाच शब्द वापरतो. इंग्रजीने त्यासाठी डिक्लिनेशन वेगळा काढला आहे. देशी जर्मन शब्द 'बॉयगुंग', म्हणजे वाकवणं. व्यायामातल्या बैठकेला 'क्नीबॉयगे' म्हणतात, गुडघा वाकवणं, त्यातलाच हा. फक्त बॉयगुंगमध्ये क्रियापदंही येतात, त्यामुळे इंग्रजीत त्याला इन्फ्लेक्शन म्हणावं, डिक्लेन्शन नव्हे.

डाटिव्हच्या मुळाशी लॅटिनमधलं 'देणं' आहे. चतुर्थीच्या अर्थाला आपण संप्रदान म्हणतो, त्यातही दानच बसलंय, हे बघून मला नेहमी मजा वाटते. अकुझाटिव्ह मात्र भाषांतराची गफलत मानली जाते: ग्रीक नावातला 'कारण' हा अर्थ सुटला आणि 'आरोप' पकडला गेला. सतराव्या शतकात जर्मन व्याकरणकार शोटेलिउसने व्याकरणाला देशी नावं देताना त्याचं 'क्लाग-एंडुंग' केलं. क्लागे म्हणजे तक्रार. बिचाऱ्या चेंडूने काय तक्रार केली होती?

आता भाचीचं वाक्य: 'इश गेबे डेम किंड डेन बाल'. 'किंड' म्हणजे मूल, आणि ते जागचं हललेलं नाही. वाकलंय ते आधीचं उपपद 'दास' (इंग्रजी 'द'सारखं), त्याचं 'डेम' झालं. मराठीत असं पुढे उभं राहणारं उपपदच नाही, त्यामुळे मूलच वाकून 'मुला' होतं आणि मग 'ला' लागतो. पूर्वी जर्मनही 'डेम किंडे' म्हणत. तो शेवटचा 'ए' आता बहुतेक गळून गेला, पण 'त्सू हाउझे'मध्ये चिकटून राहिलाय. त्याचा अर्थ 'घरी'. आपल्याकडेही सप्तमीचा 'ई' मोजक्याच शब्दांत उरलाय, आणि तोही घरीच.