वाळवंटी ट्रेकमध्ये दिवसभर डांबरी रस्ता – पाय कसे सांभाळायचे?

विटेकर_भटक्या
नमस्कार मंडळी. पुढच्या एप्रिलमध्ये मी आणि माझा मेहुणा अमेरिकेतल्या काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेलचा न्यू मेक्सिकोतला काही भाग चालायला निघतोय. अख्खा ट्रेल पाच राज्यांतून, 5,000 किलोमीटरच्या आसपास. तेवढी रजा कोण देतंय! वासोटा, चंदन-वंदन आमच्या पायाखालचे आहेत. धास्ती आहे ती पाय टाउन (Pie Town) ते ग्रँट्स या दोन गावांमधल्या टप्प्याची. तिथं आधी कच्चा रस्ता, मग 117 नंबरचा डांबरी, नुसतं चालत राहायचं. मेहुणा म्हणतो, "सपाट आहे, चाळीस किलोमीटर सहज मारू." मला काही ते पटत नाही. कुणी गेलंय का? आणि सराव इथं कुठं करावा?

माणदेशी_पायपीट
गेलोय मी. मेहुण्यांना म्हणावं, सपाट आहे म्हणूनच जपा. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. डांबरावर तेच पाऊल, तसंच, हजारो वेळा. त्यात पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. तिकडं गाड्या उजव्या बाजूनं धावतात, त्यामुळं आपण डाव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून चालायचं. म्हणजे दिवसभर डावा पाय जरा खाली, उजवा वर. दुपारनंतर कंबर आणि गुडघ्याची बाहेरची बाजू कुरकुरायला लागते. कडेला खडी-मातीचा पट्टा दिसला की त्यावर उतरा. मोठा ट्रक आला तर टोपी धरा, नाहीतर ती शोधायला माघारी पळावं लागतं.

तासाला एकदा बूट-मोजे काढून बसायचं, कितीही ताजंतवानं वाटलं तरी. पाय फुगतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्या. ओले मोजे सॅकला बाहेरून टाचणीनं अडकवा, पुढच्या थांब्यापर्यंत वाळतात. कुठं चुरचुरलं की लगेच चिकटपट्टी. फोडाची वाट बघू नका.

उन्हाचं आपलं गणित तिथं चालत नाही. पाय टाउन 2,300 मीटरच्या वर, म्हणजे महाबळेश्वरच्याही हजारभर मीटर उंच. दुपारी कातडं भाजतं आणि पहाटे बाटलीत बर्फ. वसंतात वारा असा सुटतो की छत्री उघडायची सोय नाही. लांब बाह्यांचा पातळ शर्ट बरा.

पाणी गुरांच्या हौदातलं, पवनचक्कीवर नाहीतर सोलर पंपावर भरणारे हौद. वर शेवाळ असतं. आधी रुमालातून गाळा, मग फिल्टर, नाहीतर फिल्टर चोंदतो. एका हौदाच्या काठाला मी पाणी गाळत बसलो होतो आणि चार गाई हा बाबा कधी उठतोय म्हणून टक लावून उभ्या!

सगळे या रस्त्याला कंटाळवाणा म्हणतात. मला नाही वाटला. उत्तरेकडं जाताना डाव्या हाताला एल माल्पाईसचा काळा लाव्हा, उजवीकडं पिवळसर वालुकाश्माचे कडे आणि ला व्हेंटाना ही दगडी कमान. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजलेला. रस्त्यालगतचा मॅककार्टीज प्रवाह जेमतेम चार हजार वर्षांचा, कडा अजून धारदार. त्या लाव्हातून झुनी-अकोमा ही जुनी पायवाट जाते, साधारण 12 किलोमीटर. वाटेच्या खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या राशी बघत बघत पलीकडं 53 नंबरच्या रस्त्याला निघायचं. डांबर तेवढं वाचतं, पण बुटांचे तळ खाते.

फलटणची_ताई
मला तिकडलं काही माहीत नाही, पण लोणंद-तरडगाव-फलटण-बरड हा रस्ता माउलींच्या पालखीबरोबर चालते म्हणून सांगते. पावलं आखूड टाका. टाळाच्या ठेक्यावर चालणारी सत्तरीची म्हातारी शेवटपर्यंत जाते, आणि लांब ढांगा टाकणारी पोरं फलटण यायच्या आत लंगडतात. नवे बूट घालून निघू नका. रात्री तेल लावून पोटऱ्या चोळा. फोडावर मात्र तेल नको. आमच्या वाटेवर दर थोड्या अंतरावर कुणीतरी चहा-केळी घेऊन उभं असतं, तुमच्या त्या रस्त्यावर तसं कोण असणार? खाणं भरपूर घ्या.

विटेकर_भटक्या
ताई, दादा, मनापासून आभार. सरावाचं तेवढं राहिलं.

माणदेशी_पायपीट
विट्याहून मायणी, दुसऱ्या दिवशी मायणीहून दहिवडी. मार्चअखेरीस, पाठीवर सहा लिटर पाणी घेऊन. दोन दिवस सलगच करा. पहिल्या दिवशी कुणीही चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पाय बुटात घालताना कळतं. इथं उजव्या कडेनं चाला, म्हणजे गाड्या समोरून दिसतात. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, तेव्हा अंधाराच्या आत मुक्काम गाठा. वाटेत रसवंती लागली तर खुशाल बसा, पण बूट काढून. आणि चाळीसचं डोक्यातून काढा, तीस पुष्कळ झाले.

विटेकर_भटक्या
मेहुण्याला सगळं वाचायला पाठवलं. तो विचारतोय, रसवंती मायणीच्या अलीकडं आहे का पलीकडं?