वितरित स्ट्रीम प्रोसेसिंगमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शन : अनुभव धागा

नमस्कार मंडळी,

वेब सेवा लिहिणाऱ्यांच्या हाताला डिपेंडन्सी इंजेक्शनचं (डीआय, म्हणजे ऑब्जेक्टला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून देणं) वळण पडलेलं असतं. स्प्रिंग किंवा ग्विस (जावातले डीआय ‘कंटेनर’, म्हणजे ही जोडणी करणाऱ्या लायब्ररी) सुरुवातीलाच सगळे ऑब्जेक्ट एकमेकांना जोडून देतं आणि प्रोसेस संपेपर्यंत ती जोडणी टिकते. फ्लिंक, स्पार्क, बीम या सतत येणारा डेटा अनेक यंत्रांवर हाताळणाऱ्या साधनांवर काम सुरू केलं की ही घडी विस्कटते. कारण मेन मेथड एका यंत्रावर चालते आणि तुमचं मॅप फंक्शन भलत्याच यंत्रावर. मेन फक्त आराखडा बनवते. त्यातली फंक्शनं सिरियलाइझ होतात (बाइट्समध्ये उतरतात), नेटवर्कवरून वर्करकडे (प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रांकडे) जातात आणि तिथे त्यांच्या प्रती तयार होतात. मेनमध्ये इंजेक्ट केलेलं डेटाबेस कनेक्शन या प्रवासात टिकूच शकत नाही. उघडा सॉकेट बाइट्समध्ये उतरवायचा कसा?

माझं मत आधीच सांगून टाकतो : जोडणी तिथेच व्हायला हवी जिथे कोड प्रत्यक्ष चालतो. वर्करकडे जाऊ द्यायची ती फक्त जोडणीची माहिती, म्हणजे पत्ते, मर्यादा, मोड्यूलच्या (जोडणीचे नियम लिहिलेल्या) क्लासचं नाव. तयार वस्तू नाही. पण हे म्हणायला सोपं आहे आणि प्रत्येक इंजिनात त्याचं रूप वेगळं दिसतं. म्हणून हा धागा. तुम्ही कुठलं इंजिन वापरता, कंटेनर वापरता की हाताने जोडता, आणि कुठे अडलात ते लिहा. सविस्तर लिहिलंत तर फार बरं.

— प्रवाही

सातवा मजला

आमचं सगळं काम फ्लिंकवर. रिच फंक्शनच्या ओपन मेथडमध्ये (ती वर्करवर सुरुवातीला चालते) इंजेक्टर, म्हणजे जोडणी करणारा ऑब्जेक्ट, उभा करायचा आणि क्लोजमध्ये आवरायचा, ही पद्धत आम्ही ठरवून घेतली आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त सेटिंग्जचा एक छोटा सिरियलायझेबल क्लास येतो. बाकीची फील्ड ट्रान्झियंट, म्हणजे सिरियलाइझ न होणारी. ग्विसचा इंजेक्टर स्वतः सिरियलायझेबल नाही, त्यामुळे तो चुकून फील्डमध्ये राहिला तर जॉब सबमिट करतानाच ‘नॉट सिरियलायझेबल’ची एरर येते. ही एरर मला आवडते, कारण ती लवकर आणि मोठ्याने येते.

खरा प्रश्न त्यापुढचा. एका टास्क मॅनेजरमध्ये (फ्लिंकच्या वर्कर प्रोसेसमध्ये) अनेक स्लॉट, म्हणजे कामाच्या जागा, असतात आणि ते सगळे एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या एकाच प्रोसेसमध्ये) चालतात. तरीही प्रत्येक सबटास्कला (कामाच्या समांतर भागाला) फंक्शनची स्वतंत्र प्रत मिळते. म्हणजे ओपन प्रत्येक प्रतीवर वेगळं चालतं, आणि तुमचा ‘सिंगलटन’ (एकच प्रत असणारा ऑब्जेक्ट) एका इंजेक्टरपुरताच सिंगलटन राहतो. आता आकडे बघा. १६ टास्क मॅनेजर, प्रत्येकी ४ स्लॉट, म्हणजे ६४ प्रती. प्रत्येक प्रतीने हिकारीसीपी या लायब्ररीचा पूल (उघड्या डेटाबेस कनेक्शनचा साठा) मूळ सेटिंगवर उघडला तर पूलमागे १० कनेक्शन, एकूण ६४०. पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शनची मूळ मर्यादा १००. डेटाबेस सांभाळणाऱ्यांचा फोन येणारच.

यावर उपाय म्हणजे पूल जेव्हीएमला एकच ठेवायचा, स्टॅटिक होल्डरमध्ये. तरी १६ गुणिले १० म्हणजे १६० होतातच. पण साधं मॅप फंक्शन एका वेळी एकच नोंद हाताळतं, त्यामुळे ४ स्लॉटना ४ कनेक्शन पुरतात आणि एकूण ६४ वर काम भागतं. हा हिशेब कुठलाही कंटेनर तुमच्यासाठी करत नाही, तो करायला पॅरललिझम (किती प्रती समांतर चालतात ते) माहीत असावं लागतं. माझ्या मते डीआयची सगळ्यात अवघड बाजू हीच आहे : स्कोप. वेबमध्ये रिक्वेस्ट, सेशन, सिंगलटन अशा व्याप्ती ठरलेल्या असतात. इथे ‘प्रति नोंद’, ‘प्रति सबटास्क’, ‘प्रति जेव्हीएम’, ‘प्रति जॉब’ असे चार थर आहेत, आणि कुठली वस्तू कुठल्या थरात राहील हे आपणच लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक मोड्यूलच्या वर ते टिप्पणीत लिहिलेलं असतं.

आणखी एक. पूल सामायिक केला की क्लोज कोणी करायचं? एका सबटास्कने क्लोज केलं आणि शेजारचा अजून चालू असेल तर त्याच्या पायाखालची जमीन जाते. म्हणून वापरकर्त्यांची मोजणी ठेवायची, शेवटचा बाहेर पडेल त्याने पूल बंद करायचा.

जुना बोल्ट

सातवा मजला यांचा स्कोपबद्दलचा मुद्दा अगदी पटला. हा प्रश्न फ्लिंकच्या आधीपासूनचा आहे. स्टॉर्म हे स्ट्रीम इंजिन २०११ मध्ये मुक्तस्रोत झालं, त्यातही हेच होतं : टोपोलॉजी (कामाचा आराखडा) सबमिट करताना स्पाउट (डेटा आणणारे घटक) आणि बोल्ट (तो हाताळणारे घटक) सिरियलाइझ व्हायचे, आणि कनेक्शन उघडायचं ते बोल्टच्या प्रिपेअर मेथडमध्ये, स्पाउटच्या ओपनमध्ये. आम्ही प्रिपेअरमध्ये स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्याचा कंटेनर, उभा करायचो. चालायचं, पण एका वर्कर प्रोसेसमध्ये अनेक एक्झिक्युटर (थ्रेड) असल्यामुळे तितकेच कॉन्टेक्स्ट उभे राहायचे आणि सुरू व्हायला वेळ लागायचा. नवीन इंजिनांनी नावं बदलली, रचना तीच राहिली.

निळी शाई

मी काफ्का स्ट्रीम्सवाली. आमच्याकडे चित्र निराळं आहे, आणि ते नीट सांगावंसं वाटतं, कारण बरेच जण सगळ्या स्ट्रीम प्रोसेसिंगला एकच नियम लावतात. काफ्का स्ट्रीम्स ही लायब्ररी आहे. वेगळा क्लस्टर नाही, कोड कुठे पाठवला जात नाही. तुमच्याच प्रोसेसमध्ये टोपोलॉजी बनते आणि तिथेच चालते. त्यामुळे सिरियलायझेशनचा अडसर मुळातच नाही, स्प्रिंग सरळ वापरता येतं.

पण दोन जागा अशा आहेत जिथे स्प्रिंगची सवय नडते.

पहिली जागा प्रोसेसर सप्लायर, म्हणजे नोंदी हाताळणारे प्रोसेसर बनवून देणारा. त्याच्या गेट मेथडने दर वेळी नवीन प्रोसेसर द्यायचा असतो, कारण प्रत्येक टास्कला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचा कॉन्टेक्स्ट लागतो. स्प्रिंगमधलं बीन (कंटेनरने बनवलेला ऑब्जेक्ट) मात्र काही न सांगता सिंगलटन असतं. सप्लायरमधून तेच बीन परत दिलं की जुन्या आवृत्त्यांत दोन टास्क एकाच ऑब्जेक्टवर यायचे आणि एकाचा कॉन्टेक्स्ट दुसरा पुसायचा; आताच्या आवृत्त्या टोपोलॉजी बनतानाच एरर देतात. म्हणून प्रोसेसर प्रोटोटाइप स्कोपमध्ये (दर वेळी नवीन प्रत) ठेवायचा आणि ऑब्जेक्ट प्रोव्हायडरकडून मागून घ्यायचा. मी त्याहून साधं करते : सप्लायरमध्ये न्यू लिहिते आणि स्प्रिंगकडून फक्त प्रोसेसरला लागणाऱ्या सेवा घेते. त्या सेवा थ्रेडसेफ, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरल्या तरी न बिघडणाऱ्या, असाव्या लागतात. स्ट्रीम थ्रेडची संख्या मुळात १ असते, त्यामुळे ही उणीव बरेच दिवस दिसत नाही आणि कोणी ती संख्या वाढवली की एकदम दिसते.

दुसरी जागा म्हणजे कॉन्फिगमध्ये क्लासच्या नावाने दिलेल्या गोष्टी : डिसिरियलायझेशनचा एक्सेप्शन हँडलर (न वाचता येणाऱ्या नोंदीचं काय करायचं ते ठरवणारा), सर्डी (नोंद बाइट्समध्ये आणि परत नेणारा), इंटरसेप्टर (नोंद जाता-येता मधे बघणारा). यांना काफ्का स्वतः रिफ्लेक्शनने, म्हणजे क्लासच्या नावावरून, जन्माला घालतं. स्प्रिंगला त्यांचा पत्ताच नसतो, त्यामुळे स्प्रिंगने भरायचं ऑटोवायर्ड फील्ड नल (रिकामं) राहतं. मार्ग असा : लागणारा ऑब्जेक्ट कॉन्फिगच्या मॅपमध्ये आपल्या स्वतःच्या कीखाली ठेवायचा आणि हँडलरच्या कॉन्फिगर मेथडमध्ये तिथून उचलायचा. बिघडलेल्या नोंदी वेगळ्या टॉपिकवर पाठवणारा आमचा हँडलर असाच चालतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण कुठली वस्तू कुठून आली ते वाचणाऱ्याला कळतं.

उलटा बाण

पायथनकडून थोडंसं. पायस्पार्कमध्ये, म्हणजे स्पार्कच्या पायथन रूपात, फंक्शन क्लाउडपिकल या लायब्ररीने बाइट्समध्ये बांधून (पिकल करून) पाठवलं जातं. आत कुठेतरी क्लायंट ऑब्जेक्ट असला आणि त्या क्लायंटच्या पोटात थ्रेड लॉक असला की ‘पिकल करता येत नाही’ म्हणून काम थांबतं. एरर लॉकचं नाव घेते, तुमच्या क्लासचं नाही, म्हणून नवा माणूस चक्रावतो. आम्ही क्लायंट बनवणारं एक फंक्शन वेगळ्या मोड्यूलमध्ये ठेवतो, त्यावर कॅश लावतो आणि पार्टिशनच्या पातळीवर ते हाक मारून घेतो. एका पायथन प्रोसेसला एक क्लायंट. पायथनमध्ये यासाठी डीआयची वेगळी लायब्ररी लागते असं मला वाटत नाही.

एक बारकावा : स्पार्कच्या स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंगमध्ये फॉर-ईच-बॅचला दिलेलं फंक्शन ड्रायव्हरवर, म्हणजे मेनच्याच प्रोसेसमध्ये, चालतं. तिथे मेनमधल्या वस्तू वापरता येतात. पण त्याच फंक्शनच्या आत डेटाफ्रेमवर फॉर-ईच लावलं की आतला कोड एक्झिक्युटरवर (वर्करवर) गेला. एकाच इंडेंटेशनच्या फरकाने यंत्र बदलतं. कोड तपासताना मी आधी ही सीमा शोधतो.

सातवा मजला

@उलटा बाण, जावा-स्कालामध्येही असंच होतं. अनामिक इनर क्लास किंवा क्लासमधलं फील्ड वापरणारं लॅम्बडा बाहेरच्या ऑब्जेक्टचा ‘धिस’ सोबत ओढतं. तुम्हाला हवी असते एक स्ट्रिंग, सोबत येतो अख्खा सर्व्हिस क्लास. लॅम्बडाच्या बाबतीत फील्ड आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतलं की प्रश्न मिटतो.

काठावरची

मला चाचण्यांबद्दल लिहायचं आहे, कारण डीआयचा खरा फायदा तिथेच आहे आणि इथे त्यावर कोणी बोललेलं नाही.

आमचा नियम : व्यवसायाचं तर्कशास्त्र साध्या जावा क्लासमध्ये, कन्स्ट्रक्टर इंजेक्शनसह, आणि फ्लिंकचं फंक्शन म्हणजे त्यावरचं पातळ कवच. आतल्या क्लासला फ्लिंकचं नावही माहीत नसतं. त्याच्या चाचण्या क्षणात होतात. कवचासाठी ऑपरेटर टेस्ट हार्नेस (एकच ऑपरेटर, म्हणजे आराखड्यातली एक पायरी, सुटी चालवून बघण्याची सोय) आणि शेवटी थोड्याच चाचण्या मिनी क्लस्टरवर (चाचणीपुरत्या छोट्या फ्लिंक क्लस्टरवर).

मिनी क्लस्टरवर मात्र एक सापळा आहे. तिथेही ऑपरेटर सिरियलाइझ होतात. तुम्ही चाचणीत बनावट सिंक (निकाल स्वीकारणारा शेवटचा घटक) इंजेक्ट करता, त्यात एक यादी असते, जॉब संपल्यावर यादी बघता तर रिकामी. नोंदी प्रतीमध्ये जमा झाल्या, तुमच्या हातात मूळ ऑब्जेक्ट आहे. मॉकचंही (झालेले कॉल टिपून ठेवणाऱ्या बनावट ऑब्जेक्टचंही) तेच : सिरियलायझेबल केलेला मॉक पलीकडे पोचतो, पण त्याला झालेले कॉल अलीकडच्या मॉकला कळत नाहीत. फ्लिंकच्या अधिकृत दस्तऐवजातल्या उदाहरणात सिंकची यादी स्टॅटिक आहे ती याचसाठी. इतर वेळी स्टॅटिक यादी बघून कोणीही नाक मुरडेल, इथे ती योग्य आहे. फक्त प्रत्येक चाचणीआधी रिकामी करा.

घड्याळाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. वेळेवर अवलंबून असलेल्या कोडमध्ये जावाचा क्लॉक इंजेक्ट करा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो चांगलाच आहे. पण चाचणीसाठी बनवलेलं, हाताने पुढे सरकणारं घड्याळ फंक्शनमध्ये दिलंत तर त्याचीही प्रत होते. तुम्ही इथे काटे फिरवता, पलीकडचं घड्याळ जागचं हलत नाही. शिवाय खिडक्या (नोंदींचे वेळेनुसार केलेले गट) आणि टायमर तुमच्या क्लॉककडे बघतच नाहीत, ते फ्लिंकच्या टायमर सर्व्हिसवर आणि वॉटरमार्कवर (नोंदींमधली वेळ कुठवर आली ते सांगणाऱ्या खुणेवर) चालतात. म्हणून वेळेचा प्रश्न असेल तिथे मी घड्याळ इंजेक्ट करत नाही. नोंदीतला टाइमस्टॅम्प पॅरामीटर म्हणून आतल्या क्लासला देते आणि वेळ पुढे नेण्याचं काम हार्नेसवर सोडते.

रात्रपाळी

क्लस्टर चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. फ्लिंकच्या सेशन क्लस्टरवर (अनेक जॉबचा सामायिक क्लस्टर) जॉब रद्द करून पुन्हा सबमिट केला की युजर कोडचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा ऑब्जेक्ट) नव्याने बनतो, आणि जुना मोकळा व्हायला हवा. स्टॅटिक होल्डर, थ्रेडलोकल, कंटेनरने सुरू केलेले पार्श्वभूमीतले थ्रेड, ड्रायव्हर मॅनेजरमध्ये नोंदलेला जेडीबीसी ड्रायव्हर (जावातून डेटाबेसशी बोलणारा), यातलं काहीही मागे राहिलं तर जुना क्लासलोडर अडकून बसतो. दर सबमिटला मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी मेमरी) चढतो. त्याची मूळ मर्यादा २५६ एमबी आहे, त्यामुळे काही सबमिटनंतर टास्क मॅनेजर ‘आउट ऑफ मेमरी : मेटास्पेस’ म्हणत कोसळतो. लोक मर्यादा वाढवून घेतात. त्याने फक्त वेळ पुढे ढकलली जाते.

मी टीमना दोन गोष्टी मागतो. जेडीबीसी ड्रायव्हरचं जार क्लस्टरच्या लिब फोल्डरमध्ये असू द्या. आणि जो कंटेनर उघडाल तो क्लोजमध्ये खरोखर बंद करा, थ्रेडपूलसकट. ग्विसला जीवनचक्राची सोय नाही, बंद करण्याची यादी तुम्हालाच ठेवावी लागते. स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट बंद केला की डिस्ट्रॉय मेथड चालतात, तेवढं त्याच्या बाजूने. बीम वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या की टिअरडाउन (शेवटी आवरण्याची मेथड) चालेलच याची हमी नाही. वर्कर मेला तर ते चालतच नाही. तिथे डेटा फ्लश करायचं काम ठेवू नका, ते फिनिश बंडलमध्ये (नोंदींचा एक गठ्ठा संपला की चालणाऱ्या मेथडमध्ये).

अजून एक, सुरक्षेचं. सेटिंग्जचा क्लास सिरियलाइझ होतो असं वर आलंय. त्यात पासवर्ड असेल तर तो जॉब ग्राफबरोबर (जॉबच्या आराखड्याबरोबर) जातो, आणि हाय अव्हेलेबिलिटी (क्लस्टर पडला तरी सावरण्याची सोय) चालू असेल तर जॉब ग्राफ बाहेरच्या स्टोरेजमध्ये लिहिला जातो. म्हणजे पासवर्ड तिथे पडून राहिला. पासवर्ड पाठवू नका. तो वर्करवर कुठून वाचायचा ते पाठवा, आणि ओपनमध्ये वाचा.

शून्याधार

सगळं वाचलं. मी थोडा वेगळ्या मताचा आहे. स्ट्रीम जॉबमध्ये कंटेनर लागतोच असं नाही. एका जॉबमध्ये सरासरी किती डिपेंडन्सी असतात? एखादा क्लायंट, एखादा पार्सर, मेट्रिक्स. ओपनमध्ये हाताने न्यू लिहिलं की भागतं, आणि तेही डिपेंडन्सी इंजेक्शनच आहे.

कंटेनरचा मोठा तोटा मला असा दिसतो की जोडणीतली चूक उशिरा कळते. मेनमध्ये सगळं ठीक, जॉब सबमिट झाला, आणि वर्करवर ओपन चालताना कळतं की बाइंडिंगच (कुठे कुठली वस्तू द्यायची तो नियमच) नाही. मग जॉब पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. डॅगर या डीआयच्या साधनात हे कंपाइल करतानाच कळतं, शिवाय रिफ्लेक्शन नाही. ज्यांना डीआयचं साधन हवंच आहे त्यांना मी तेच सुचवीन.

प्रवाही

@शून्याधार, ग्विसवाल्यांसाठी यावर एक उपाय आहे. सबमिट करण्याआधी तोच मोड्यूल मेनमध्ये टूल स्टेजवर (ग्विसच्या फक्त तपासणीच्या अवस्थेत) तपासून घ्यायचा. बाइंडिंगची साखळी तपासली जाते, पण सिंगलटन प्रत्यक्ष उभे राहत नाहीत, म्हणजे कनेक्शन उघडत नाही. प्रॉडक्शन स्टेजवर सिंगलटन सुरुवातीलाच बनतात, आणि मला वर्करवर तेच हवं असतं : पहिली नोंद येईपर्यंत वाट बघण्यापेक्षा ओपनमध्येच काय ते कळू दे.

जटिल जॉबबद्दल मात्र मी कंटेनरच्या बाजूने आहे. एकच तर्कशास्त्र बॅच आणि स्ट्रीम दोन्हीकडे चालवायचं असतं, ग्राहकागणिक वेगळे नियम लावायचे असतात, तेव्हा हाताने लिहिलेल्या ओपन मेथड फुगत जातात.

शून्याधार

मान्य, तपासणीचा उपाय चांगला आहे. एक राहिलं होतं. इंजेक्ट केलेल्या सेवेत नोंदींची बेरीज किंवा शेवटची किंमत साठवणारा हॅशमॅप दिसला तर तो काढायला लावा. तो चेकपॉइंटमध्ये (इंजिन वेळोवेळी जतन करतं त्या प्रतीत) जात नाही, रिस्टार्टनंतर रिकामा होतो, आणि पॅरललिझम बदललं तर काही कीज (नोंदी ज्यावरून वाटल्या जातात त्या किल्ल्या) दुसऱ्या सबटास्ककडे जातात पण मॅप त्यांच्याबरोबर जात नाही. हरवली तरी पुन्हा मिळवता येते अशी गोष्ट, उदाहरणार्थ बाहेरून आणलेल्या संदर्भ माहितीची कॅश, इंजेक्ट केलेल्या वस्तूत खुशाल ठेवावी. उत्तर ज्यावर अवलंबून आहे ते सगळं कीड स्टेटमध्ये (इंजिन स्वतः प्रत्येक कीसाठी जपतं त्या साठ्यात). आमच्याकडे कोड तपासताना ‘हा मॅप आत्ता पुसला तर उत्तर बदलेल का?’ असं विचारतो. ‘हो’ आलं की तो कोड पुढे जात नाही.