पडद्यामागे रंग दिसत नाही, मग स्फिंक्स कशाला?

मंद्रसप्तक:
काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकन ऑर्केस्ट्रात पडद्यामागे ऑडिशन होते, तरी स्फिंक्स ही संस्था फक्त कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वादकांना पुढे आणते. हा उलटा भेदभाव." अहो, पडद्यामागे दहा मिनिटं वाजवायचं असतं. त्याआधीची पंधरा वर्षं? चांगलं व्हायोलिन, खासगी शिकवणी, उन्हाळी शिबिरं, हे कुठल्या पडद्यामागे मिळतं? डेट्रॉइटची ही संस्था 1997 पासून हेच मिळवून देण्याच्या मागे आहे. 2018 पासून इतर दोन संस्थांसोबत ऑडिशनच्या प्रवासालाही पैसे देते. 2014 ला अमेरिकन ऑर्केस्ट्रांत कृष्णवर्णीय किती? 1.8 टक्के.

कोमलनिषाद:
तो 'एक' मीच. आकडा कमी म्हणजे लगेच अन्याय? अँथनी मॅकगिल न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा मुख्य क्लॅरिनेटवादक झालाच ना!

मंद्रसप्तक:
एकच नाव आठवलं ना? 1969 ला त्याच ऑर्केस्ट्राविरुद्ध दोन कृष्णवर्णीय वादकांनी तक्रार केली. न्यूयॉर्कचा मानवाधिकार आयोग म्हणाला, कायम नेमणुकांत भेदभाव नाही, बदली वादक घेताना मात्र आहे. बदलीला ओळख लागते.

पेटीवाला:
ओळखीचं काढलंत म्हणून सांगतो. 1940 ला रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं. पुढे मी एका सरकारी ऑडिशनला गेलो. बाहेर शिपायाने विचारलं, "बुवांचे शिष्य का?" नव्हतो. निवडही झाली नाही.

कोमलनिषाद:
बंदी बरोबरच होती. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, येत नाही.

पेटीवाला:
मग गवयाच्या गळ्यात येते ना? पेटी साथीला असते! तुमचे कान आधी ट्यून करून घ्या.

कोमलनिषाद:
वैयक्तिक होऊ नका. पेटीचा गंधार बेसूर तो बेसूरच.

टवाळ:
धागा कृष्णवर्णीय कलाकारांचा, मारामारी पेटीवरून. चालू द्या.

एडिसनची वहिनी:
माझी लेक चेलो वाजवते. विमानात चेलोला वेगळं तिकीट काढावं लागतं! आम्ही तीन ऑडिशनना गेलो, परवडलं म्हणून. तिच्याबरोबर शिकणारा कृष्णवर्णीय मुलगा तिच्यापेक्षा सरस, हे ती स्वतःच सांगते. तो एकाच ऑडिशनला जाऊ शकला.

कोमलनिषाद:
बरं बाई, द्या चेलोला तिकीट. पण मग सगळ्याच गरिबांना द्या, रंग कशाला बघायचा?

मंद्रसप्तक:
1939 ला कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसनला वॉशिंग्टनचा कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला, तो काय गरीब म्हणून?

कोमलनिषाद:
...हे मान्य. पेटीचं नाही.

पेटीवाला:
मिरजेला या एकदा. गंधार ऐकवतो.