व्हीपीएन लावला की खरंच निनावी होतो का आपण?

चिकूमिकू: व्हीपीएन चालू, इन्कॉग्निटो चालू, तरी त्याच त्या जाहिराती मागे लागतात, मग पैसे कशाला भरतोय मी?

बिनचेहरा: इन्कॉग्निटो फक्त तुझ्या मशीनवरची हिस्टरी ठेवत नाही रे. व्हीपीएन तुझं ट्रॅफिक त्यांच्या सर्व्हरवरून फिरवतं, त्यामुळे साइटला खरा आयपी, म्हणजे तुझा इंटरनेटवरचा पत्ता, दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला दिसतोच. आणि गुगलला लॉगिन करून बसलास तर संपलंच.

टिंबटिंब: शिवाय फिंगरप्रिंटिंग. स्क्रीन साइज, फॉन्ट, टाइमझोन जुळवून ब्राउझर ओळखतात, कुकी (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण) नसली तरी.

चिकूमिकू: मग टॉर ब्राउझर?

बिनचेहरा: त्यात ट्रॅफिक तीन रिलेमधून, म्हणजे मधल्या तीन सर्व्हरमधून जातं, त्यामुळे बरंच बरं. पण २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका पोरानं परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची धमकी पाठवली, कॅम्पसच्या वायफायवर तेव्हा टॉर कोण वापरत होतं ते बघत बघत तपासवाले पोचले त्याच्यापर्यंत. टॉरचं एन्क्रिप्शन (सांकेतिक कुलूप) कुणी तोडलंच नव्हतं!